युनिकोडमधील बदलाची प्रक्रिया ओघतक्त्याने कशी समजावावी?

धागाकर्ती : शाईपेन

युनिकोड म्हणजे निरनिराळ्या लिपींतील प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारे मानक. मराठी टंकनाविषयीच्या चर्चांमध्ये ‘हे अक्षर युनिकोडमध्ये घालून घ्यायला हवे’ असे वाक्य वारंवार येते आणि चर्चा बहुतेक वेळा तिथेच थांबते. कोणाकडे जायचे, काय लिहायचे, निर्णय कोण घेतो, नकार मिळाला तर पुढे काय, हे ठाऊक नसल्यामुळे ज्यांची अडचण खरी आहे तेही गप्प बसतात. हे मानक सांभाळणाऱ्या युनिकोड कन्सोर्शियम या संस्थेची कागदपत्रे सर्वांना खुली आहेत, प्रस्तावही कोणालाही पाठवता येतो; परंतु ही माहिती अनेक पानांवर विखुरलेली असून ज्याला आधीपासून थोडेफार कळते त्यालाच ती कळेल अशा भाषेत लिहिलेली आहे. म्हणून या प्रक्रियेचा एक ओघतक्ता मराठीत करावा असे ठरवले आहे. चित्र पक्के करण्यापूर्वी त्याचा आराखडा येथे शब्दांत मांडते, म्हणजे त्यातील चुका आणि उणिवा जाणकारांना दाखवता येतील.

तक्ता मी चार उभ्या पट्ट्यांत विभागला आहे. पहिला पट्टा प्रस्तावकाचा, दुसरा लिपींविषयीच्या कार्यगटाचा, तिसरा युनिकोड तांत्रिक समितीचा आणि चौथा आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा, कारण युनिकोड आणि आयएसओ १०६४६ ही दोन मानके एकमेकांशी जुळती ठेवली जातात आणि त्या दुसऱ्या मानकावर देशोदेशींच्या मानक संस्था मत देतात. भारताच्या वतीने हे काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. कोणती पायरी कोणाच्या हातात आहे हे पट्ट्यांमुळे पाहताक्षणी कळते. प्रस्ताव पाठवण्याचा अधिकार सर्वांना असला तरी मतदानाचा अधिकार सदस्य संस्थांनाच आहे, ही गोष्ट लेखी परिच्छेदात सहज नजरेतून निसटते.

ओघ असा आहे. प्रस्तावक कागद पाठवतो, त्याला नोंदवहीत क्रमांक मिळतो आणि तो सर्वांना वाचायला खुला होतो. कार्यगट तो तपासून शेरे देतो. येथून एक बाण मागे, म्हणजे प्रस्तावकाकडे, जातो आणि हा बाण मी मुद्दाम जाड काढला आहे, कारण बहुतेक प्रस्ताव सुधारून पुन्हा पाठवावे लागतात आणि परत आलेला प्रस्ताव म्हणजे नकार असा समज करून घेऊन लोक काम सोडून देतात. कार्यगटाच्या शिफारशीवर तांत्रिक समिती निर्णय घेते. मान्य झालेली चिन्हे नियोजित चिन्हांच्या यादीत जातात, त्यांना तात्पुरता संकेतांक मिळतो, आयएसओकडील मतदान होते, मग नव्या आवृत्तीचा मसुदा जाहीर परीक्षणासाठी ठेवला जातो आणि शेवटी ती आवृत्ती प्रसिद्ध होते. अलीकडे ही प्रसिद्धी साधारणपणे दर वर्षी सप्टेंबरमध्ये होत आली आहे.

दोन जागी मी अधिक विचार केला आहे. पहिली जागा म्हणजे अगदी वरचा समभुज चौकोन, जिथे प्रश्न आहे : ‘आपली अडचण नव्या संकेतांकाने सुटणारी आहे का?’ मराठीतील बहुसंख्य तक्रारींना याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्या बाणाने गेलेल्या माणसाला युनिकोडच्या समितीपर्यंत जाण्याची गरजच पडत नाही.

दुसरी जागा म्हणजे प्रसिद्धीची पायरी. तिथपर्यंत मागे जाणारे बाण अनेक आहेत. यादीतील संकेतांक बदलू शकतो, नाव बदलू शकते, चिन्ह काढूनही टाकले जाऊ शकते. प्रसिद्धीनंतर मात्र एकही बाण मागे जात नाही. हा नियम अनुभवातून आला आहे. आवृत्ती १.० मधील तिबेटी लिपी १.१ मध्ये काढून टाकण्यात आली होती आणि १९९६ साली २.० मध्ये नव्या रचनेसह पुन्हा घेण्यात आली. त्याच २.० मध्ये कोरियन हंगुलची ६,६५६ अक्षरे जुन्या जागेवरून हलवून ११,१७२ अक्षरांचा नवा संच दुसरीकडे मांडण्यात आला, त्यामुळे जुन्या पद्धतीने साठवलेला मजकूर निकामी झाला. त्यानंतर असे ठरले की एकदा दिलेला संकेतांक काढायचा नाही, हलवायचा नाही आणि त्याचे अधिकृत नावही बदलायचे नाही. २००५ साली घेतलेल्या एका चिन्हाच्या नावात ‘ब्रॅकेट’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकलेले आहे. ते आजही तसेच आहे, फक्त त्याला शुद्ध असे पर्यायी नाव जोडले आहे. प्रसिद्धीची रेषा मी तक्त्यात दुहेरी काढली आहे. तिच्या अलीकडे आपले म्हणणे मांडण्यात हयगय केली तर पलीकडे ते मांडण्याला फारसा अर्थ उरत नाही, हे वाचणाऱ्याला चित्रावरूनच उमगायला हवे.

हा आराखडा वाचून मते द्यावीत, ही विनंती.

प्रतिसाद : कळफलक

उपक्रम अत्यंत गरजेचा आहे. वरच्या समभुज चौकोनाबद्दल आपण लिहिले ते पूर्ण पटते, पण त्यातून निघणारा ‘नाही’चा बाण एकाच चौकटीत संपवू नये. ‘नवा संकेतांक नको’ एवढे सांगून माणसाला परत पाठवले तर त्याची अडचण होती तिथेच राहते. त्या बाणाला किमान तीन फाटे असावेत.

पहिला फाटा फाँटचा. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा, ही मागणी जुनी आहे आणि राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही ही वळणे प्रमाण मानली आहेत. तरीही हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल हे युनिकोडच्या दृष्टीने एकच अक्षर आहे आणि तसेच असायला हवे. नाहीतर ‘लता’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जाईल आणि एका प्रकारे शोधल्यावर दुसरा सापडणार नाही. ओपनटाइप या प्रकारच्या फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले की मराठी वळण आपोआप निवडण्याची सोय करता येते. म्हणून ही मागणी फाँट तयार करणाऱ्यांकडे आणि मजकुराला भाषेची खूण न लावणाऱ्या संकेतस्थळांकडे जायला हवी.

दुसरा फाटा भाषाविषयक माहितीच्या साठ्याचा, म्हणजे सीएलडीआरचा. अकारविल्हे यादीत ळ, क्ष आणि ज्ञ कोठे यावेत, महिन्यांची आणि वारांची संक्षिप्त रूपे कोणती, लाख-कोटींचे स्वल्पविराम कोठे पडावेत, हे सर्व तिथे ठरते. तिथली प्रक्रिया वेगळी आहे, संकेतांकांइतकी कठोरही नाही, आणि तिथे दुरुस्ती होऊ शकते.

तिसरा फाटा कळफलकाचा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर ऱ हे अक्षर शिफ्ट आणि जे या कळींवर आहे. ते ठाऊक नसल्यामुळे ‘युनिकोडमध्ये दऱ्या लिहिता येत नाही’ असे ठामपणे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत.

प्रतिसाद : आडवळण

मी थोडे विरोधी मत मांडतो. ओघतक्त्यातील प्रत्येक चौकट साधारण सारख्या आकाराची असते आणि प्रत्येक बाण साधारण सारख्या लांबीचा असतो. त्यामुळे पाहणाऱ्याची अशी समजूत होते की सर्व पायऱ्यांना सारखाच वेळ आणि सारखेच श्रम लागतात. ही समजूत लेखी परिच्छेदाने होत नाही, तक्त्याने होते, आणि म्हणून ती दूर करण्याची जबाबदारीही तक्ता काढणाऱ्याची आहे.

मोडी लिपीचा सविस्तर प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी २०११ साली मांडला आणि ती जून २०१४ मध्ये आवृत्ती ७.० मध्ये आली. याउलट रुपयाचे नवे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आवृत्ती ६.० मध्ये ते समाविष्टही झाले. जपानमध्ये नव्या सम्राटांच्या कारकिर्दीबरोबर १ मे २०१९ रोजी रेइवा हे नवे युग सुरू झाले, तेव्हा त्या एकाच चिन्हासाठी त्याच महिन्यात १२.१ ही स्वतंत्र आवृत्ती काढण्यात आली. तक्ता तोच असताना काळात एवढा फरक पडतो. सरकारी चलनाचे चिन्ह असेल तर त्याच्या आवश्यकतेचा पुरावा शोधत बसावे लागत नाही. ऐतिहासिक लिपी असेल तर प्रत्येक अक्षरासाठी तो द्यावा लागतो.

माझी सूचना अशी की प्रत्येक बाणाशेजारी घडलेल्या उदाहरणांची वर्षे लिहावीत. ‘अंदाजे दोन वर्षे’ असे आपल्या मनाने लिहू नये. मोडी : २०११ ते २०१४, रुपया : जुलै ते ऑक्टोबर २०१०, एवढे लिहिले की वाचणारा स्वतः तुलना करील.

प्रतिसाद : मोडीवाचक

आडवळण यांच्याशी सहमत. त्यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो.

‘प्रस्तावक कागद पाठवतो’ ही एक चौकट म्हणजे प्रस्तावकाच्या बाजूचे जवळजवळ सगळे काम आहे आणि तक्त्यात ते एका ओळीत मावले आहे. त्या कागदात काय काय लागते ते पाहा. प्रत्येक चिन्हाचे इंग्रजी नाव लागते. ते अक्षर आहे, मात्रा आहे की विरामचिन्ह, ते कोणत्या अक्षराला कोणत्या बाजूने जोडले जाते, अनुक्रमात कोठे येते, हे गुणधर्म लागतात. युनिकोडच्या अक्षरतक्त्यात छापण्यायोग्य फाँट लागतो. आधीच्या एखाद्या चिन्हाने तेच काम भागत नाही हे दाखवावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते चिन्ह लोकांनी प्रत्यक्ष वापरले आहे याची छायाचित्रे, शक्यतो एकाहून अधिक स्वतंत्र ठिकाणांहून, संदर्भासह द्यावी लागतात. एखाद्याने स्वतः तयार केलेले सुंदर चिन्ह, त्यामागचा विचार कितीही चांगला असला तरी, या पायरीवर अडते. तेथे वापर आधी आणि संकेतांक नंतर असाच क्रम आहे.

मोडीच्या बाबतीत हा पुरावा मुबलक होता. पुण्यातील पेशवे दप्तर आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील कागद यांखेरीज मोडी शिकवणारी छापील पुस्तकेही उपलब्ध होती. तरीही हस्तलिखितांमधील कोणते वळण हे स्वतंत्र अक्षर आणि कोणते केवळ लेखकाच्या हाताचे वैशिष्ट्य, हे ठरवण्यासाठी मोडी वाचणाऱ्या माणसाची गरज असते आणि ती माणसे संगणकाच्या मंडळींमध्ये क्वचित भेटतात. ज्यांच्याकडे पुरावा आहे त्यांना प्रक्रिया ठाऊक नाही आणि ज्यांना प्रक्रिया ठाऊक आहे त्यांच्याकडे पुरावा नाही, ही आपली खरी अडचण आहे. आपल्या तक्त्याने हे दोन गट एकत्र आणायचे असतील तर पुराव्याच्या पायरीला स्वतःचा वेगळा पट्टा द्या आणि त्यावर ग्रंथपाल, दप्तरखान्यातील अभ्यासक, जुन्या छापखान्यांतील जुळारी असे स्पष्ट लिहा.

प्रतिसाद : नदीकाठ

तक्ता तयार झाल्यावर शाळेतील मुलांना दाखवण्याची परवानगी मिळेल का? पाठ्यपुस्तकात ‘ओघतक्ता पूर्ण करा’ हा प्रश्न असतोच. त्यांना एक खरा ओघतक्ता पाहायला मिळेल.

प्रतिसाद : श्रुतलेखन

मी पडदावाचकाच्या साहाय्याने वाचतो, म्हणून एक अत्यावश्यक मागणी करतो. चित्ररूपातील तक्ता मला ऐकू येत नाही. ‘प्रतिमा’ एवढा एक शब्द ऐकू येतो आणि पुढचा मजकूर सुरू होतो. आपण वर शब्दांत जो आराखडा लिहिला तो मला पूर्ण कळला, आणि उद्या त्याचे केवळ चित्र झाले तर ज्या माहितीपर्यंत मी आज पोचलो आहे तिच्यापासून मी दूर जाईन.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक चौकटीला क्रमांक द्यावा आणि चित्राखाली तोच ओघ क्रमांकित वाक्यांत लिहावा. उदाहरणार्थ, ‘३. कार्यगटाने शेरे दिले का? होय असल्यास २ कडे जा, नाही असल्यास ४ कडे जा.’ जाड बाण आणि दुहेरी रेषा यांतून आपण जे सांगू पाहता तेही शब्दांत यायला हवे, म्हणजे ‘येथून पुढे मागे जाता येत नाही’ असे वाक्य त्या पायरीवर लिहिलेले असावे. हे लिहिताना तक्ता काढणाऱ्यालाही फायदा होतो, कारण ज्या बाणाचे वाक्य होत नाही तो बाण बहुधा कोठे जातो हे काढणाऱ्याने पुरेसे ठरवलेले नसते.

प्रतिसाद : जोडाक्षर

दुहेरी रेषेबद्दल लिहायचे आहे, कारण मराठीला तिचा परिणाम रोज भोगावा लागतो.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे मराठीत वेगळे शब्द आहेत. पहिल्या रूपातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार ऱ, हलन्त आणि य असा आहे. तो आयएससीआयआय या भारतीय मानकाला धरून आहे. दुसरा प्रकार साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह आणि य असा आहे. तो आवृत्ती २.० शी सुसंगती राखण्यासाठी मानकात ठेवलेला आहे. दोन्ही दिसायला सारखे, परंतु संगणकासाठी ते वेगळे शब्द आहेत. एका प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’चा शोध घेतला तर विशेष तजवीज केल्याशिवाय दुसऱ्या प्रकारची ‘दऱ्या’ सापडत नाही.

ॲ चे उदाहरण आणखी बोलके आहे. यू+०९७२ हा संकेतांक एप्रिल २००८ मध्ये आवृत्ती ५.१ मध्ये आला. त्याआधी लोक अ या अक्षराला ॅ ही मात्रा जोडून काम भागवत होते. नवे अक्षर आल्यावर मानकाने ती जुनी जोडी वापरू नये असे सांगितले, पण ती आणि नवे अक्षर सममूल्य आहेत असे मात्र ठरवले नाही. परिणामी काही प्रणालींमध्ये दोन्ही सारखी दिसतात, काहींमध्ये जुनी जोडी ठिपक्यांच्या वर्तुळासह फुटते, आणि शोध घेताना दोन्ही वेगळी राहतात. त्याच ५.१ मध्ये मल्याळममधील चिल्लू, म्हणजे स्वररहित व्यंजनांच्या, अक्षरांना स्वतंत्र संकेतांक मिळाले आणि तेथेही आधीचा मजकूर झिरो विड्थ जॉइनरसह लिहिलेला होता. बंगाली खंड-त ला, म्हणजे स्वररहित त ला, त्यापूर्वी, २००५ साली, स्वतंत्र संकेतांक मिळाला तेव्हाही हेच घडले.

ॲ साठी स्वतंत्र संकेतांक घेणे योग्यच होते, असे माझे मत आहे. परंतु नवीन संकेतांकामुळे जुना मजकूर दुरुस्त होत नाही. तो तसाच राहतो आणि एकाऐवजी दोन पद्धती चालू राहतात. म्हणून तक्त्यात प्रस्ताव लिहिण्यापूर्वी आणखी एक प्रश्न हवा : ‘या चिन्हासाठी लोक आजवर काय वापरत आले आहेत, आणि त्या मजकुराचे पुढे काय होणार?’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर नाही, त्यामुळे तो समभुज चौकोनात बसणार नाही हे मला मान्य आहे. तरीही तो वगळू नये.

धागाकर्ती : शाईपेन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद वाचून आराखड्यात पुढील बदल करत आहे.

कळफलक यांचे तीन फाटे जसेच्या तसे घेत आहे आणि त्यामुळे एकाऐवजी दोन तक्ते होतील. पहिल्या तक्त्यात फक्त ‘माझी अडचण कोठे न्यावी’ एवढेच असेल आणि तो एका पानात मावेल. दुसरा तक्ता नव्या संकेतांकाच्या वाटेचा असेल आणि पहिल्यातून ज्याचे उत्तर ‘होय’ आले आहे त्यालाच तो पाहावा लागेल. नदीकाठ, मुलांसाठी पहिला तक्ता अवश्य वापरावा, परवानगी आहेच.

आडवळण यांच्या सूचनेप्रमाणे बाणांशेजारी घडलेली वर्षे लिहीन. मोडीवाचक यांनी सुचवलेला पुराव्याचा पट्टा सर्वांत डावीकडे, प्रस्तावकाच्याही आधी ठेवत आहे. श्रुतलेखन यांच्या मागणीविषयी मी असे ठरवले आहे की क्रमांकित वाक्ये आधी लिहायची आणि चित्र त्यांवरून काढायचे. दोहोंत फरक पडला तर वाक्ये प्रमाण धरावीत, असेही वर नमूद करीन.

जोडाक्षर यांचा प्रश्न कोठे ठेवावा यावर मात्र अजून निर्णय होत नाही. तो पुराव्याच्या पट्ट्यात ठेवला तर प्रस्तावक त्याचे उत्तर कागदात लिहील. दुहेरी रेषेजवळ ठेवला तर परीक्षणाच्या काळात आक्षेप नोंदवणाऱ्यांच्या तो अधिक उपयोगी पडेल. आयएसओचा पट्टा ठेवावा की काढावा याविषयीही मते हवी आहेत. त्याने चित्रात गर्दी होते, परंतु तो काढला तर भारतीय मानक ब्यूरोमार्फत आपले म्हणणे मांडता येते ही वाट वाचकाला दिसणारच नाही.

प्रतिसाद : जोडाक्षर

पुराव्याच्या पट्ट्यात ठेवा. परीक्षणाच्या वेळेपर्यंत फाँट आणि कळफलक तयार करणाऱ्यांची कामे सुरू झालेली असतात आणि तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘आधी का नाही विचारले’ असे उत्तर मिळते.

प्रतिसाद : कळफलक

आयएसओचा पट्टा ठेवावा, असे माझे मत. आणखी एक लहान पण आवश्यक गोष्ट : दोन्ही तक्त्यांच्या कोपऱ्यात तयार केल्याची तारीख आणि त्या वेळची युनिकोडची आवृत्ती लिहा. ही प्रक्रियाही बदलत असते. ज्याला आज लिपींचा कार्यगट म्हणतात त्याचे नाव काही वर्षांपूर्वी वेगळे होते, आणि जुन्या नावाने फिरणारी चित्रे अजून लोक एकमेकांना पाठवत आहेत. तारीख असली तर तक्ता जुना झाला आहे हे निदान पाहणाऱ्याला कळेल आणि तो नव्याची चौकशी करील. क्रमांकित वाक्यांचा पहिला मसुदा झाला की येथेच टाका. फाँट आणि कळफलकाचे दोन फाटे मी तपासून देतो, सीएलडीआरच्या फाट्यासाठी तिथे प्रत्यक्ष माहिती भरलेल्या कोणीतरी पुढे यावे.